विमान ते विमानच ना?

चवथ नुकतीच सरली होती. पुण्याला मावसबहिणीच्या मुलाचं बारसं होतं, म्हणून मावशीला सोबत घेऊन मी मोपाच्या विमानतळावर पोचलो. तिच्या पिशवीत नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा होता आणि तपासणीत तो उघडायला लावतील की काय, ही तिची एकच काळजी. गाडीतून उतरताना सड्यावरच्या ओल्या गवताचा वास आला, आत शिरल्यावर तो कॉफीच्या वासात विरून गेला. आमचं विमान काचेतून दिसत होतं. पंख्यांचं, सहा-सहा पात्यांचं, बुटकं एटीआर. त्याच्या उजव्या इंजिनाचं झाकण उघडं होतं आणि शिडीवर चढलेला एक माणूस बॅटरीच्या उजेडात आत डोकावत होता. थोड्या अंतरावर त्याच कंपनीचं, त्याच रंगाचं मोठं जेट उभं होतं. दारं बंद, आसपास कुणी नाही. तांत्रिक कारणामुळे उशीर होत असल्याची घोषणा झाली. काही वेळाने पुन्हा झाली. मावशी काचेपाशी जाऊन आली आणि थेट काउंटरवरच्या मुलीसमोर उभी राहिली. मुलगी पेडण्याकडचीच असावी, बोलण्यावरून.

“अगो, ते तिकडे उभं आहे ना, मग तेच का नाही नेत?”

“काकी, त्याचे पायलट वेगळे असतात. आपले पायलट ते नाही चालवू शकत.”

“विमान ते विमानच ना?”

मुलगी हसली, पण उत्तर द्यायच्या आत तिचा फोन वाजला. आम्ही निघालो तेव्हा रात्र बरीच झाली होती आणि मावशी खुर्चीत बसल्या बसल्या झोपून गेली होती. बारसं वेळेवर झालं. नेवऱ्याही शाबूत पोचल्या. मावशीचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना. कारण तो प्रश्न त्या एका रात्रीपुरता नव्हता. एका कंपनीने एकाच जातीची विमानं ठेवावीत की दोन-चार जातींची, हा विमान कंपन्यांच्या धंद्यातला जुना, मूळ प्रश्न आहे. त्याचं उत्तर काय निघतं यावर आपल्या गावाला विमान मिळणार की नाही, हे बऱ्याचदा ठरतं.

मला आधी आठवले ते आमचे मामा. मामा कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेच्या, डेपोत फिटर होते. लहानपणी सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन जायचो. डिझेल, ग्रीस आणि ओल्या गोणपाटाचा मिळून एक वास त्या शेडला असायचा, तो मामांच्या कपड्यांनाही घरापर्यंत चिकटून यायचा. स्टोअरमध्ये छतापर्यंत रॅक होते. टाटाचं सामान एका भिंतीला, लेलँडचं दुसऱ्या. क्लच प्लेट दोन प्रकारच्या, ब्रेक लायनिंग दोन प्रकारचं. मामा म्हणायचे, एकाच मेकच्या गाड्या असत्या तर अर्धं स्टोअर रिकामं झालं असतं. एखादी गाडी मोठ्या कामासाठी उभी असली की तिचा पार्ट काढून दुसरीला बसवायचा आणि ती सकाळच्या फेरीला सोडायची, हे नेहमीचं. पण ते दोन्ही गाड्या एका मेकच्या असतील तरच. तेच मामा दुसरी गोष्टही सांगायचे. एकदा एका मेकसाठी सदोष पार्टचा लॉट आला आणि त्या सगळ्या गाड्या रांगेने शेडमध्ये येऊन उभ्या राहिल्या. त्या दिवसांत लोकांना कामावर पोचवलं ते दुसऱ्या मेकच्या गाड्यांनी. विमान कंपन्यांचे मोठमोठे अहवाल याहून फार वेगळं काही सांगत नाहीत, फक्त त्यातले आकडे कोटींचे असतात.

बस आणि विमान यांत एक मोठा फरक मात्र आहे. टाटा चालवणारा चालक दुसऱ्या दिवशी लेलँड घेऊन निघू शकतो. वैमानिकाला तसं करता येत नाही. त्याच्या परवान्यावर विमानाच्या प्रकाराची नोंद असते, तिला टाइप रेटिंग म्हणतात. ती मिळवायला आधी वर्गातला अभ्यास, मग सिम्युलेटरमधले तास, तिथे इंजिन बंद पडल्याचे, धूर झाल्याचे सराव, मग परीक्षा, मग अनुभवी कॅप्टनच्या शेजारी बसून खऱ्या फेऱ्या, असे काही महिने जातात. नंतरही ठरावीक काळाने सिम्युलेटरमध्ये तपासणी होत राहते, आणि गेल्या ९० दिवसांत त्या प्रकाराच्या विमानाची तीन उड्डाणं आणि तीन लँडिंग झालेली नसतील तर प्रवासी घेऊन उडता येत नाही. एटीआरच्या कॉकपिटमध्ये दोन्ही हातांनी धरायचं जुन्या पद्धतीचं कंट्रोल असतं आणि इंजिनाची ताकद वैमानिक हातानेच कमीजास्त करतो. एअरबस ए३२० मध्ये खुर्चीच्या बाजूला एक छोटी काठी असते, आणि तिच्या हालचालीचा अर्थ संगणक लावून पंखांपर्यंत पोचवतो. बोटांना लागलेली सवयच वेगळी. इंजिनिअरचंही तेच. ज्या प्रकारची नोंद त्याच्या परवान्यावर आहे, त्याच विमानाच्या कागदावर ‘उडायला योग्य’ अशी सही तो करू शकतो. काउंटरवरच्या त्या मुलीने एका वाक्यात सांगितलं ते पूर्ण खरं होतं.

आता हे हिशेबाच्या बाजूने पाहू. समजा एका कंपनीकडे एकाच जातीची तीस विमानं आहेत. त्यातलं एक बिघडलं तर कुठलंही दुसरं त्याच्या जागी उभं करता येतं. एखादा कॅप्टन आजारी पडला तर घरी स्टँडबायवर असलेला कुठलाही कॅप्टन बोलावता येतो. मूठभर राखीव माणसं आणि एखाद-दुसरं राखीव विमान सगळ्या ताफ्याला पुरतं. तेच तीस विमानांचे पंधरा-पंधराचे दोन ताफे केले की राखीव माणसं दोनदा लागतात, राखीव चाकं, पंप, इंजिनं दोनदा, सिम्युलेटरचे तास दोनदा. यातलं बरंचसं सामान वर्षभर नुसतं पडून असतं आणि त्यात अडकलेल्या पैशावर व्याज चढत असतं. अमेरिकेतली साउथवेस्ट १९७१ साली टेक्ससमध्ये तीन बोइंग ७३७ घेऊन सुरू झाली आणि तिने जवळपास सगळा धंदा त्याच एका जातीवर उभा केला. पुढे २०११ मध्ये तिने एअरट्रॅन ही कंपनी विकत घेतली, तेव्हा तिच्याबरोबर बोइंग ७१७ विमानंही आली. चांगली, चालती विमानं. तरीही साउथवेस्टने ती ठेवली नाहीत, डेल्टाला भाड्याने देऊन टाकली. आयतं मिळालेलंही नको, कारण त्यासोबत दुसरं स्टोअर आलं असतं.

आपल्याकडे इंडिगोने हेच केलं. २००५ साली, एकही विमान उडालेलं नसताना, तिने एकदम १०० ए३२० मागवली. २००६ च्या ऑगस्टमध्ये उडायला सुरुवात केली आणि २०१७ च्या अखेरपर्यंत दुसऱ्या कुठल्या जातीला हात लावला नाही. एकगठ्ठा मागणीवर सूट मोठी मिळते, हा आणखी एक फायदा. पण सूट हीच गोष्ट कधीकधी एकजातीपणाच्या विरुद्धही जाते. युरोपातली ईझीजेट आधी पूर्ण बोइंगवाली होती. २००२ मध्ये एअरबसने तिला असा भाव दिला की तिने १२० ए३१९ मागवली आणि काही वर्षं दोन्ही जाती सांभाळण्याचा खर्च पत्करून बाजू बदलली. एकाच दुकानातून माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार हळूहळू गृहीत धरतो, आणि हा धोका एकजातीच्या कंपनीला कायमचा असतो.

ए३२० या कुटुंबात एक सोय आहे, तिचा गोव्याशी थेट संबंध आहे. ए३१९, ए३२०, ए३२१ यांची लांबी वेगवेगळी, पण कॉकपिट एक. एकाच रेटिंगवर तिन्ही चालवता येतात. त्यामुळे डिसेंबरात गोव्याला २३२ खुर्च्यांपर्यंतचं लांबलचक ए३२१ पाठवायचं आणि आषाढात, किनाऱ्यावरचे शॅक मोडून ठेवलेले असताना, त्याच वैमानिकांच्या हाती आखूड ए३२० द्यायचं, हे जमतं. दर ५० खुर्च्यांमागे एक केबिन क्रू हा नियम असल्याने तेवढी माणसं कमीजास्त होतात, बाकी काही बदलत नाही. गोव्यासारख्या हंगामी गावाला हे उपयोगाचं. पण या कुटुंबातलं सर्वांत लहान भावंडही सोलापूरला किंवा जळगावला रोज भरत नाही. आणि अर्ध्या रिकाम्या जेटचं इंधन कुणीतरी भरावं लागतं.

एकसारखेपणाची दुसरी बाजू मला २०२३ च्या मे महिन्यात जवळून दिसली.

गो फर्स्ट या विमान कंपनीकडे जवळपास सगळी ए३२० ची नवी, ‘निओ’ विमानं होती, आणि त्या सगळ्यांना एकाच कंपनीची, प्रॅट अँड व्हिटनीची इंजिनं. ती इंजिनं वेळेआधी दुरुस्तीला काढावी लागत होती आणि बदली इंजिनं मिळत नव्हती. जवळपास अर्धा ताफा जमिनीवर उभा राहिला. कंपनीने २ मे रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला, ३ मेपासून उड्डाणं बंद. शाळांच्या सुट्ट्या सुरू झालेल्या, आंबा-काजूचा मोसम, मुंबईहून माहेरी येणाऱ्यांची तिकिटं काढलेली. त्या आठवड्यात आमच्या वाड्यावरची दोन घरं रात्रभर बसने आलेल्या माणसांनी भरली. मुलं सुजलेल्या डोळ्यांनी अंगणात बसली होती आणि पुढच्या पंधरवड्याच्या परतीच्या तिकिटांचे भाव ऐकून मोठी माणसं गप्प झाली होती. इंजिनाच्या आतल्या धातूच्या भागांशी या कुटुंबांचा काय संबंध? पण होता.

त्याच वेळी इंडिगोचीही त्याच इंजिनांची विमानं जमिनीवर आली, पुढच्या वर्षापर्यंत ती संख्या ७० च्या पुढे गेली. तरी ती कंपनी उभी राहिली. ती मुळातच खूप मोठी होती, हे एक कारण. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. २०१९ मध्ये तिने पुढच्या २८० विमानांसाठी इंजिनं सीएफएम या दुसऱ्या कंपनीकडून मागवली होती. विमान तेच, वैमानिक तेच, रंग तोच, फक्त पंखाखाली लटकलेलं यंत्र वेगळं. दोन इंजिनं सांभाळायचा जादा खर्च तिने वर्षानुवर्षं सोसला आणि तोच खर्च अडचणीच्या वेळी कामी आला. स्टोअरच्या दुसऱ्या भिंतीवरच्या रॅकला दरवर्षी फुकट गेलेला पैसा म्हणायचं की विम्याचा हप्ता, हे ज्या वर्षी हिशेब कराल त्यावर ठरतं.

वयाने मोठ्या वाचकांना याहून जुनी गोष्ट आठवत असेल. १४ फेब्रुवारी १९९० रोजी इंडियन एअरलाइन्सचं अगदी नवं ए३२० बंगळुरूला उतरताना कोसळलं आणि सरकारने त्या जातीची तिची सगळी विमानं जमिनीवर ठेवली. तेव्हा तिच्याकडे ए३०० होती, जुनी ७३७ होती, म्हणून देशातली सेवा कशीबशी चालू राहिली. २०१९ च्या मार्चमध्ये ७३७ मॅक्स जगभर थांबवली गेली तेव्हाही तेच. ज्याच्याकडे दुसरं काही होतं तो चालला.

आणि २०२५ चा नोव्हेंबर. तीव्र सौरकिरणांमुळे उड्डाण नियंत्रणातली माहिती बिघडू शकते असं लक्षात आल्यावर एअरबसने जगभरातल्या सुमारे ६,००० ए३२० कुटुंबातल्या विमानांची दुरुस्ती तातडीने करायला सांगितली. आपल्याकडे ती एका शनिवार-रविवारात उरकली. बहुतेक विमानांना नुसतं सॉफ्टवेअर बदलावं लागलं, म्हणून निभावलं. पण त्या दोन दिवसांत मला पहिल्यांदा भीती वाटली. इंडिगोची ए३२०, एअर इंडियाची ए३२०, एअर इंडिया एक्सप्रेसच्या ताफ्यातलीही काही ए३२०. देशातल्या प्रवाशांपैकी दहांत सहाहून जास्त एकट्या इंडिगोने जातात, आणि एअर इंडियाचा गट धरला तर नव्वद टक्क्यांच्या आसपास लोक या दोन घरांच्या हवाली आहेत. एका लहान कंपनीने एकच जात ठेवणं हा तिचा शहाणपणा आहे, ती बुडाली तर दुसरी असते. पण जेव्हा एक कंपनी म्हणजेच जवळजवळ सगळं आकाश होतं, तेव्हा तिचा एकजातीपणा देशाचा होतो. तिच्या हिशेबवहीत झालेली बचत आपल्या रांगेत धोका होऊन उतरते. वैविध्य एकाच कंपनीच्या पोटात असावं असा माझा आग्रह नाही. ते कंपन्या-कंपन्यांमध्ये असलं तरी पुरे. पण कुठेतरी असायला हवं.

गोव्याचा स्वतःचा अनुभवही याच बाजूचा आहे. पोर्तुगीज राजवटीत, भारताने नाकेबंदी केल्यावर, १९५५ मध्ये दाबोळीची धावपट्टी आणि तिथली विमानसेवा उभी राहिली. कंपनी एवढीशी, पण विमानं अनेक जातींची: छोटी हेरॉन, मग व्हायकिंग, मग लांबच्या प्रवासाची डीसी-४ आणि डीसी-६. दमण आणि दीवला जायचं तर लहान विमान हवं, कराचीला त्याहून मोठं, लिस्बनला आणखी मोठं. व्यापारी हिशेबाने अशी कंपनी कुणी काढली नसती. तिथे राजकीय गरज होती, आणि तिने विमानांच्या जाती ठरवल्या. ती सेवा १९६१ च्या डिसेंबरात संपली. आपल्या मुक्तीबरोबर ती गेली याचं कुणालाच दुःख नाही, मलाही नाही. तरीही कुठल्या गावाला जायचं हे आधी ठरलं आणि विमान नंतर निवडलं गेलं, ही त्यातली क्रमवारी मला विचार करायला लावते. आज क्रम उलटा आहे. विमान आधी ठरतं, मग ते ज्या गावांना परवडेल ती गावं.

२०२४ च्या मार्चमध्ये मोपा तळ धरून फ्लाय९१ ही विमान कंपनी सुरू झाली. ताफा पूर्ण एटीआर ७२-६०० चा. म्हणजे तीही एकजातीचीच, पण बाकीच्यांहून वेगळ्या जातीची, आणि मला हवं आहे ते नेमकं हेच. लक्षद्वीपमधल्या अगत्तीची धावपट्टी सव्वा किलोमीटरच्या आत-बाहेर आहे, तिथे ए३२० उतरू शकत नाही, एटीआर उतरतं. २०२५ च्या जूनमध्ये गोव्याहून सोलापूरचं विमान सुरू झालं तेही याच विमानाच्या जिवावर. पंख्यांचं इंजिन छोट्या पल्ल्यावर जेटपेक्षा कितीतरी कमी इंधन खातं. वेग कमी, आवाज जास्त, आत जागा कमी. जमिनीवर उभं असताना उजव्या बाजूचा पंखा ब्रेकने थांबवून इंजिन तेवढं चालू ठेवतात, वीज आणि थंड हवा मिळावी म्हणून. तो शिट्टीसारखा आवाज कानात बसतो. मला तो आवडतो.

मोपाच्या सड्याबद्दल माझ्या मनात अजून गुंता आहे. वारखंड, नागझर, चांदेल, कासारवर्णे या भागातल्या लोकांची काजूची झाडं, गुरांची चराई, पावसाळ्यातलं पाणी या पठाराशी जोडलेलं होतं. धावपट्टी झाली ती हे सगळं बाजूला सारून. ती झालीच आहे तर तिच्यावरून फक्त दिल्ली-मुंबईचे पर्यटक आणणारी लांब जेटं उतरावीत, एवढ्यावर माझं समाधान होत नाही. ज्यांनी जमीन दिली त्यांची देवस्थानं, त्यांची सोयरीक, त्यांची इस्पितळं ज्या गावांत आहेत तिथलीही विमानं तिथून सुटायला हवीत. ती फक्त लहान जातीची विमानं करू शकतात. आणि ती चालवणाऱ्या कंपन्यांची नफ्याची बाजू नेहमीच नाजूक असते, कारण थोड्या खुर्च्यांवर विमानाचं भाडं, विमानतळाचं शुल्क आणि वैमानिकांचे पगार काढायचे असतात. अशा फेऱ्यांना सरकारी मदत मिळते तेव्हा ती खैरात आहे असं म्हणणाऱ्यांशी मी भांडतो. रस्त्याला आपण खैरात म्हणत नाही.

मामा आता निवृत्त आहेत. त्यांना अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जायचं आहे, बसचा रात्रभरचा प्रवास पाठीला झेपत नाही, म्हणून सोलापूरचं विमान पाहतो म्हटलं. दिवस ठरवत बसलो असताना मी त्यांना हे सगळं सांगितलं, एकच जात, थोडी विमानं, परवान्यांच्या नोंदी. ते चष्मा पुसत ऐकत होते.

“राखीव गाड्या किती असतात त्यांच्याकडे?”

लहान कंपनीला नुसतं उभं ठेवायला विमान परवडत नाही, मी म्हटलं. एक अडकलं की दिवसभराच्या फेऱ्या मागे सरकतात.

“मग परतीला एक दिवस जास्तीचा धर,” मामा म्हणाले, “आणि तिकीट काढ.”